‘ग’ गजाननाचा

मला गार्लिक ब्रेड प्रचंड आवडतो. पण फोन करून तो मी कधीच मागवला नव्हता. कॉलेजात असताना रूमवरची पोरं फोन माझ्या हातात कोंबायची आणि मी ‘दोन पिझ्झा’ एवढंच सांगून मोकळा व्हायचो. कारण अगदी साधं आहे. ‘गार्लिक’मधला ‘ग’ माझ्या तोंडातून बाहेर पडत नाही. पुढे ऑर्डर द्यायची अ‍ॅप्स आली आणि माझ्यासारख्यांची सुटका झाली.

मी तोतरा आहे. शंभरातल्या साधारण एका मोठ्या माणसाला हा त्रास असतो म्हणे, म्हणजे तुमच्या ऑफिसच्या मजल्यावरही एखादा असणारच. तुम्हाला कदाचित पत्ता लागला नसेल, कारण आम्ही लोक बेरकी असतो. अडणारा शब्द येतोय हे आम्हाला तीन शब्द आधीच दिसतं आणि आम्ही बाजूच्या गल्लीतून निसटतो. ‘गाडी’ऐवजी ‘कार’. ‘गावाला चाललो’ऐवजी ‘घरी चाललो’. गुरुवारच्या मीटिंगला मी ‘बुधवारनंतरची मीटिंग’ म्हटलेलं आहे. पुण्यात येऊन मला बारा वर्षं झाली. मराठी आणि इंग्रजी, दोन्ही भाषांत माझा शब्दसंग्रह सॉलिड आहे असं मित्र म्हणतात. त्याचं सगळं श्रेय भीतीला.

आता गंमत बघा. मी बुलढाणा जिल्ह्यातला. खामगावजवळचं खेडं, शेगाव तिथून वीसेक किलोमीटर. गावाचं नाव मुद्दाम सांगत नाही, तेही ‘ग’नेच सुरू होतं एवढं कळलं तरी पुरे. आमच्याकडे रस्त्यात कुणी भेटलं की ‘राम राम’च्या जोडीने ‘जय गजानन’ म्हणतात. पिठाच्या गिरणीचं नाव गजानन, किराणा दुकानाचं नाव गजानन, आमच्या एका वर्गात तीन गजानन. अशा गावात मी वाढलो, आणि समोरच्याच्या ‘जय गजानन’ला कायम ‘माउली’ एवढंच उत्तर देत आलो. लोकांना वाटायचं पोरगा फार भक्तिभावाचा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: गजानन महाराज 23 फेब्रुवारी 1878 रोजी शेगावात पहिल्यांदा लोकांच्या दृष्टीस पडले. जेवणावळीनंतर बाहेर टाकलेल्या उष्ट्या पत्रावळींवरची शितं ते वेचून खात होते. कुठून आले, मूळ नाव काय, कुणालाच ठाऊक नव्हतं. तोंडात सतत एकच, ‘गण गण गणात बोते’. त्यावरूनच लोक त्यांना गजानन म्हणू लागले असं सांगतात. 8 सप्टेंबर 1910 ला त्यांनी समाधी घेतली. माघ वद्य सप्तमी हा प्रकट दिन आमच्याकडे दिवाळीच्या खालोखाल असतो.

शाळेत बाईंनी नाव विचारलं की मी ‘ग’वर अडकायचो, कारण माझ्या नावाच्या आधी गावाचं नाव सांगायची पद्धत होती. मग मागच्या बाकावरून कोरस सुरू, ‘गण गण गण गण...’ पोरांना त्यात देवाची चेष्टा वाटत नव्हती, माझी वाटत होती. ज्या नामाने अख्ख्या पंचक्रोशीला शांत वाटतं, ते ऐकलं की माझ्या पोटात गोळा यायचा.

मी पाचवीत असताना बाबांनी नवस केला. पोराची जीभ मोकळी होऊ दे, पालखीबरोबर चालीन. शेगावची पालखी आषाढीला पंढरपूरला जाते. जाऊन-येऊन दोन महिने लागतात, आणि परतीचा शेवटचा टप्पा असतो खामगाव ते शेगाव. त्या दिवशी सगळा रस्ता माणसांनी भरून जातो. बाबा तो टप्पा चालले. पुढच्या वर्षी पुन्हा चालले. माझी जीभ काही मोकळी झाली नाही, तरी ते चालतच राहिले. दहावीनंतर मी मात्र देवाशी बोलणं बंद केलं. भांडण वगैरे नाही. समोरून रिप्लाय येत नसला की आपण मेसेज पाठवणं बंद करतो, तसं. मोबाइलच्या वॉलपेपरवर महाराजांचा फोटो होता, पण तो आईने लावलेला.

तर हे झालं बॅकग्राउंड. आता मागच्या माघाकडे येतो.

एका सोमवारी मॅडमने केबिनमध्ये बोलावलं. टीम लीडची जागा रिकामी होत होती. ‘काम तुझंच बेस्ट आहे. पण लीडला क्लायंटसमोर उभं राहावं लागतं. पुढच्या महिन्याचा डेमो तू दे, मग बघू.’ पाच वर्षं मी डेमोच्या स्लाइड्स बनवत होतो आणि बोलत होतं दुसरंच कुणीतरी. मी ‘विचार करून सांगतो’ म्हणालो. त्याचा अर्थ ‘नाही’ असा होता हे आम्हा दोघांनाही कळलं.

त्याच रात्री आईचा फोन. बाबांना दिवाळीनंतर पॅरालिसिसचा झटका आला होता. उजवी बाजू आणि वाचा दोन्ही गेलं. समजायचं सगळं, पण शब्द सापडायचा नाही. डॉक्टर त्याला अफेजिया म्हणतात. ‘माय’ आणि ‘हो’, एवढे दोनच शब्द उरले होते. आणि प्रकट दिनाआधी तीन दिवस आमच्या ओसरीवर ‘श्री गजानन विजय’ पोथीचं पारायण होतं. रोज सात, असे एकवीस अध्याय. तीस वर्षं बाबाच वाचत आले. त्यांचा आवाज खणखणीत होता, ऐकायला शेजारची दोन गावं यायची.

‘यंदा पोथी कोन वाचनार?’ आईने विचारलं.

मी गावातल्या दोन-तीन जणांची नावं सुचवली.

‘तूच वाच ना बाप्पा. त्याइले बरं वाटन.’

‘माय, मी अडकतो. तुला माहीत आहे ना?’

‘अटकला त अटकला. पोथी कुठं पळून चालली काय?’

फोन ठेवला आणि झोप उडाली. डेमोत निदान शब्द बदलता येतात. पोथीत नाही. ओवीत जो शब्द आहे तोच म्हणायचा. आणि त्या पोथीत ‘गजानन’ किती वेळा येतं हे मी लहानपणी मोजायला घेतलं होतं. दुसऱ्या अध्यायात नाद सोडला.

ऑफिसात वसईची एक मैत्रीण आहे, दर रविवारी चर्चला जाणारी. लंचला तिला हे सगळं सांगितलं. ती हसली आणि म्हणाली, ‘अरे, तू तर आमचा मोशे!’ मला काही कळेना. मग तिने गोष्ट सांगितली. मिसर देशात गुलामीत अडकलेल्या आपल्या लोकांना सोडवून आण, असं देवाने मोशेला सांगितलं. मोशे म्हणाला, मला बोलता येत नाही, माझी जीभ जड आहे, दुसऱ्या कुणाला तरी पाठव. देवाने त्याची जीभ मोकळी केलीच नाही. तुझा भाऊ अहरोन तुझ्या वतीने बोलेल, तो तुला भेटायला निघालाच आहे, असं म्हणाला. ‘म्हणजे काय?’ मी विचारलं. ‘म्हणजे काय ते तू बघ,’ असं म्हणून तिने माझ्या डब्यातला ठेचा उचलला.

आपल्या पिढीत ‘इम्पोस्टर’ हा शब्द आता चहाच्या टपरीवरही ऐकू येतो. पॉलीन क्लान्स आणि सुझान आइम्स या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी 1978 मध्ये त्यावर पहिल्यांदा लिहिलं. चांगलं यश मिळवलेल्या माणसांनाही वाटत असतं की आपण खरे लायक नाही, कधीतरी पकडले जाणार. उपाय म्हणून हल्ली सगळे एकच सांगतात: स्वतःवर विश्वास ठेव. माझा प्रॉब्लेम तिथेच होता. स्वतःची जीभ मला तेहतीस वर्षं माहीत आहे. तिच्यावर मी कुठल्या पुराव्याने विश्वास ठेवू?

त्या आठवड्यात पोथी उघडून बसलो, प्रॅक्टिससाठी. आणि पहिल्यांदाच एक गोष्ट लक्षात आली. आपल्या जुन्या पोथ्या घ्या, कुठलीही. कवी सुरुवातीलाच कबूल करून टाकतो की मी अजाण, मला काही येत नाही, देवा, तूच हे करवून घे. शाळेत हे आम्हाला नम्रता म्हणून शिकवलं होतं. मला वाटतं, ते त्याहून जास्त प्रॅक्टिकल आहे. शंका पहिल्याच पानावर लिहून मोकळं व्हायचं आणि पान उलटायचं. लायक वाटेपर्यंत थांबायचं नाही. थांबले असते तर मराठीत एकही पोथी झाली नसती.

ही पोथी लिहिणारे दासगणू महाराज. मूळ नाव गणेश दत्तात्रेय सहस्रबुद्धे, जन्म 1868. (नावातच ‘ग’, काय करणार!) ते पोलीस खात्यात होते. तमाशासाठी लावण्या रचायचा नाद होता आणि डोक्यात एकच, फौजदार व्हायचं. प्रमोशन हो! शिर्डीचे साईबाबा नोकरी सोड म्हणत राहिले आणि हे ‘एवढं प्रमोशन होऊ दे, मग सोडतो’ म्हणत राहिले. शेवटी सोडली, कीर्तनकार झाले, आणि 1939 मध्ये सत्तरी ओलांडल्यावर शेगावात बसून त्यांनी एकवीस अध्यायांचा हा ग्रंथ रचला. हा माणूस मला एकदम जवळचा वाटला. ज्याला प्रमोशनचं टेन्शन होतं, त्याचीच पोथी वाचायची होती.

मी आईला ‘येतो’ म्हणून कळवलं. धीर आला होता म्हणून नाही. नाही म्हणायचं कारण सापडत नव्हतं म्हणून.

रात्रीच्या ट्रॅव्हल्सने सकाळी शेगावला उतरलो. आधी दर्शन घेऊन ये, असं आईने बजावलं होतं. अंघोळीसाठी भक्तनिवासात खोली घ्यायला गेलो. तुम्ही शेगावला गेला असाल तर पांढऱ्या कपड्यातले सेवेकरी पाहिले असतील. खेड्यापाड्यांतून पाळीपाळीने येतात, मोबदला घेत नाहीत आणि समोरच्या प्रत्येकाला ‘माउली’ म्हणतात. काउंटरवरच्या काकांनी विचारलं, ‘कोणतं गाव, माउली?’

झालं. ‘ग’. मागे रांग. ओठ आवळलेले, मान ताठ, डोळे मिटलेले. असं होतं तेव्हा समोरचा माणूस दोनपैकी एक गोष्ट करतो. तोंड फिरवतो, नाहीतर मदत म्हणून भलताच शब्द सुचवतो. काकांनी पेन खाली ठेवलं. ‘सावकाश सांगा, माउली. आपल्याला घाई नाही.’ आणि ते खरंच थांबले. बाहेर आलेला शब्द त्यांनी वहीत लिहिला, किल्ली दिली. एवढंच. पण दर्शनाच्या रांगेत माझ्या डोक्यात तेच घोळत होतं. पाचवीपासून मी देवाकडे मोकळी जीभ मागत होतो. कुणीतरी थांबावं, हे कधी मागितलंच नव्हतं.

पहिल्या दिवशी ओसरीवर चाळीसेक माणसं. भिंतीला टेकून बाबा, मांडीवर शाल. त्यांची पोथी, लाल कापडातली, माझ्यासमोर. कोपऱ्यांना त्यांच्या बोटांचे डाग. सुरुवातीला सगळ्यांनी मिळून ‘गण गण गणात बोते’ म्हटलं आणि त्यात माझा ‘ग’ सुरळीत गेला. चारचौघांबरोबर एका सुरात म्हणताना तोतरेपणा बहुतेकांचा नाहीसा होतो, हे नंतर एका स्पीच थेरपिस्टकडून कळलं. पण जप संपला आणि मी एकटा उरलो.

ओवीला एक चाल असते. पहिले तीन चरण यमकाने बांधलेले, चौथा आखूड. मधे श्वास घ्यायला जागा असते. त्या चालीवर माझी गाडी बरीच पुढे गेली. मग एका ओवीच्या सुरुवातीलाच ‘गजानन’ आलं. तीन शब्द आधी दिसलं होतं, पण बाजूला गल्ली नव्हती.

मी अडकलो. नेहमीसारखा दोन सेकंद नाही, खूप वेळ. पंख्याचा आवाज ऐकू येऊ लागला. मागे कुणीतरी खोकलं. पाचवीतला तो कोरस आता सुरू होणार असं वाटून कान तापले. मनात आलं, पोथी मिटावी आणि उठावं. मी मिटली नाही, एवढंच मी केलं. बोट त्या शब्दावर ठेवून तसाच बसलो. मनातल्या मनात म्हणालो, मला येत नाहीये. मी इथेच आहे. पुढचं तुम्ही बघा. दहावीनंतर देवाशी बोललेलं ते पहिलं वाक्य.

भिंतीकडून आवाज आला. आधी नुसता सूर, गुणगुणल्यासारखा. ओवीची चाल. मग त्याच चालीत, जड, अर्धवट, पण ओळखू येणारं: ‘ग...जा...नन.’

बाबा होते. गेल्या तीन महिन्यांत ज्यांना ‘पाणी’ म्हणता आलं नव्हतं, ते. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, तिच्या हातातलं फुलपात्र खाली पडलं. बाबांनी पुन्हा म्हटलं आणि या वेळी मी त्यांच्याबरोबर म्हटलं. दोघांचा मिळून शब्द बाहेर पडला, आणि ओवी पुढे सरकली.

तीन दिवस असंच चाललं. मी अडकलो की ते सूर धरायचे, तिथून मी पुढे न्यायचो. सगळ्या वेळी नाही. कधी त्यांनाही सापडायचं नाही, मग चाळीस माणसं गप्प बसून राहायची. दुसऱ्या दिवसापासून अशा वेळी लोक आपणहून जप धरू लागले. ‘गण गण गणात बोते’. मागच्या बाकावरचे दोन जण आता ओसरीवर होते, टक्कल पडलेले, मांडीवर पोरं घेतलेले. तेही म्हणत होते. या वेळी मात्र माझ्या पोटात गोळा आला नाही.

चमत्कार म्हणाल तर नाही. अकोल्याच्या थेरपिस्टने नीट समजावून सांगितलं. आपलं रोजचं बोलणं बहुतेकांच्या मेंदूच्या डाव्या भागातून चालतं, तिथेच बाबांना मार बसलाय. पण चालीवर म्हटलेलं, वर्षानुवर्षं पाठ झालेलं वेगळ्या वाटेनेही येऊ शकतं. त्यामुळे ज्याला पाणी मागता येत नाही, असा पेशंट भजन म्हणू शकतो. त्यावरूनच अमेरिकेत 1970 च्या दशकात गाण्याच्या चालीतून बोलायला शिकवायची एक पद्धत निघाली. तेव्हापासून बाबांचे व्यायाम तसेच चालू आहेत. आता ‘पाणी’ येतं, ‘चहा’ येतो. माझं नाव अजून येत नाही.

बाबांचा तो आवाज मेंदूच्या त्या दुसऱ्या वाटेवर दिवाळीपासून बसून होता. कुणालाच माहीत नव्हतं. मी पोथीला बसलो नसतो, किंवा बसून सफाईने वाचून टाकलं असतं, तर कळलंही नसतं. मैत्रिणीने सांगितलेला अहरोन मला तेव्हा समजला. मोशेला तो घरबसल्या भेटला नाही, निघाल्यावर वाटेत भेटला. मला वाटायचं, श्रद्धा म्हणजे शंका संपल्यावर येणारी खात्री. ती खात्री काही आली नाही. पोथी उघडताना माझी शंका शाबूत होती, मिटतानाही होती. फक्त मधल्या तीन दिवसांत मी एकटा नव्हतो.

प्रकट दिनाला पिठलं-भाकरी, अंबाडीची भाजी, मिरची आणि कांद्याचा नैवेद्य झाला. आईने पहिला घास बाबांना भरवला, दुसरा मला. ‘पाय, पळाली काय पोथी?’ म्हणाली.

पुण्यात परत आलो आणि मॅडमला ‘डेमो मी देतो’ असा मेल टाकला. पाठवून झाल्यावर पंधरा मिनिटं घाम फुटत होता. डेमोच्या दिवशी संध्याकाळी कॅमेरा ऑन केला. त्यांच्याकडे सकाळ होती. एरवी मी ‘हॅलो’वर भागवलं असतं. या वेळी ‘गुड मॉर्निंग’च म्हटलं. अर्थातच अडकलो. मग सांगून टाकलं, ‘मी अडखळत बोलतो. थांबलो तर नेटवर्क गेलं असं समजू नका, शब्द येतोय.’ पलीकडच्या बाई म्हणाल्या, सावकाश घ्या. चाळीस मिनिटांत सहा वेळा अडकलो. मोजले, कारण नंतर आईला सांगायचं होतं.

टीम लीडचं अजून काही कळलेलं नाही. अप्रेझल व्हायचंय. झालं तर छान. नाही झालं तर वाईट वाटेल, उगाच संतपणाचा आव आणत नाही. पण पुढचा डेमोही मीच मागून घेतलाय.

आणि हो, परवा मी अ‍ॅप बंद करून सरळ दुकानात फोन लावला. ‘एक ग... ग...’

‘सर, आवाज कट होतोय. नेटवर्क प्रॉब्लेम आहे का?’

‘नाही, मीच अडकलोय. जरा थांबा.’

पोरगं थांबलं. बोलता बोलता उजव्या हाताचं बोट मी टेबलावर ठेवलं होतं, पोथीतल्या शब्दावर ठेवावं तसं.

ब्रेड गारच आला, तो भाग वेगळा.